स्टँड पोटात, बॅटऱ्या हातात



आपल्या वस्त्यांतील बरीच मुले आता कॅमेऱ्याच्या कामावर आहेत. कुणी फोटो काढतो, कुणी व्हिडिओ शूटिंग करतो, कुणी नवा आहे म्हणून नुसता लाइट धरून उभा राहतो. पूर्वी हे काम म्हणजे फार तर कल्याण-उल्हासनगर, नाही तर पुणे-नाशिक. बॅग खांद्याला लावली, लोकल किंवा एस. टी. पकडली की झाले. आता लोक लग्ने उदयपूरला करतात, गोव्याला करतात, काही जण तर दुबईला करतात. पार्टी विमानाचे तिकीट काढून देते आणि सांगते, सामानाचे तुमचे तुम्ही बघा. नेमके इथेच आपले पोर अडते.

गेल्या काही महिन्यांत अशा तीन-चार मुलांनी आमच्याकडे एकच प्रश्न आणला. कॅमेरा हातात न्यायचा हे कळते, पण ट्रायपॉडचे काय करायचे? हातात न्यावा तर गेटवर अडवतात, पोटात टाकावा तर मोडतो. आम्ही काही फोटोग्राफर नाही. कचेरीत हिशेब लिहिणारे कारकून आहोत. परंतु प्रश्न नीट मांडला तर तो निम्मा वजनाच्या हिशेबाचा आणि निम्मा नियम वाचण्याचा आहे, आणि ही दोन्ही कामे आमची रोजचीच. म्हणून कॅमेऱ्याचे काम करणाऱ्या मुलांजवळ बसून, त्यांचे सामान काट्यावर ठेवून जे समजले ते आज लिहीत आहोत.

कुणी म्हणेल, दीड लाखाचा कॅमेरा सोडून आठ हजारांच्या स्टँडची एवढी काळजी कशाला? पण लग्नाचे विधी दोन-तीन तास चालतात, रिसेप्शन चार तास चालते. एवढा वेळ कॅमेरा हातात स्थिर धरणे कुणालाही शक्य नाही. स्टँड पोचला नाही तर चित्रण हलते. ते हलले तर पार्टी पैसे अडवते, आणि मुख्य फोटोग्राफर पुढच्या कामाला दुसऱ्या पोराला फोन लावतो. सामान बहुधा हप्त्यावर घेतलेले किंवा मित्राकडून मागून आणलेले असते. म्हणजे मोडला तो स्टँड, पण बुडाला महिन्याचा हप्ता.

आधी काटा, मग बॅग

रेल्वेची सवय असलेल्या आपल्या माणसाला विमानाची शिस्त नवी वाटते. रेल्वेतही नियम आहे. स्लीपरला ४० किलो, सेकंड क्लासला ३५ किलो सामान फुकट नेता येते. पण बर्थखाली सरकवलेली बॅग तिथे कोण तोलतो? विमानात मात्र प्रत्येक नग काट्यावर चढतो. देशातल्या देशात साध्या तिकिटावर बहुतेक कंपन्या हातात ७ किलो आणि पोटात, म्हणजे विमानाच्या मालाच्या कप्प्यात, १५ किलो सामान देतात. हातातल्या बॅगेची लांबी, रुंदी आणि उंची यांची बेरीज ११५ सेंटिमीटरच्या आत लागते, आणि सर्वांत लांब बाजू ५५ सेंटिमीटरच्या आत. तिकिटाप्रमाणे फरक पडतो, म्हणून तिकिटावर काय छापले आहे ते आधी वाचावे.

आता हातातल्या बॅगेचा ताळेबंद पाहू. रिकामी बॅग १,३०० ग्रॅम. दोन कॅमेरे १,४०० ग्रॅम. तीन लेन्स २,१०० ग्रॅम. बॅटऱ्या ६०० ग्रॅम. लॅपटॉप १,५०० ग्रॅम. बेरीज झाली ६,९०० ग्रॅम. उरले १०० ग्रॅम, एका बिस्किटपुड्याएवढे. यात दीड किलोचा ट्रायपॉडसुद्धा बसत नाही, मग चार-साडेचार किलोचा व्हिडिओचा स्टँड कुठून बसणार? काही कंपन्या लॅपटॉपची छोटी बॅग वेगळी नेऊ देतात, तेव्हा थोडी जागा निघते. पण व्हिडिओचा स्टँड मिटवला तरी बहुधा ७० सेंटिमीटरपेक्षा लांब राहतो. तो ५५ सेंटिमीटरच्या बॅगेत आडवा जात नाही, तिरपाही जात नाही. म्हणजे बऱ्याच वेळा हा प्रश्न नियमाच्या आधी काट्यावर आणि मोजपट्टीवरच सुटतो.

पोटातल्या १५ किलोंचा हिशेबही असाच मांडावा. कडक पाठीची मोठी बॅग ४ किलो. हेडसह स्टँड साडेचार किलो. बॅटरी काढलेला गिंबल दीड किलो. लाइट आणि त्याचा हलका स्टँड १,८०० ग्रॅम. चार्जर आणि वायरी ८०० ग्रॅम. कपड्यांना उरले २,४०० ग्रॅम. यात सगळे बसते, पण फक्त मोजून. बॅगेसाठी हुकाचा छोटा वजनकाटा मिळतो. तो नसेल तर रद्दीवाल्या भाऊंचा काटा आहेच. घरी तोललेले सामान काउंटरवर उघडावे लागत नाही. सगळ्या रांगेसमोर बॅग उघडून कपडे इकडचे तिकडे करण्याची पाळी ज्याच्यावर येते, त्यालाच ती शरम ठाऊक.

गेटवरचा जवान काय पाहतो

आता नियमाकडे वळू. आपल्या विमानतळांवर तपासणीचे नियम नागरी विमान वाहतूक सुरक्षा ब्युरो ठरवतो, आणि मोठ्या विमानतळांवर प्रत्यक्ष तपासणी केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे जवान करतात. डिसेंबर १९९९ मध्ये काठमांडूहून दिल्लीला येणारे आपले विमान पळवून कंदाहारला नेले गेले. त्यानंतर २००० सालापासून हे काम या दलाकडे येऊ लागले. ११ सप्टेंबर २००१ रोजी अमेरिकेत विमाने पळवली गेली ती छोट्या पात्यांच्या जोरावर. त्याच्या दोनच दिवस आधी अफगाणिस्तानात अहमद शाह मसूद यांची हत्या झाली, ती पत्रकार बनून आलेल्या दोघांनी कॅमेऱ्यात लपवलेल्या स्फोटकाने. तेव्हा जवान कॅमेरा बाहेर काढा म्हणतो, स्टँड हातात घेऊन उलटापालटा करतो, यात तुमचा अपमान नाही. लांब, जड, धातूचा आणि खाली कधी कधी टोकदार खिळे असलेला दांडा विमानात बसलेल्या माणसाच्या हातात द्यावा की नाही, एवढेच तो पाहतो.

अमेरिकेत ट्रायपॉड हातात आणि पोटात दोन्हीकडे चालतो असे तिथले सुरक्षा खाते सांगते. पण शेवटचा निर्णय गेटवरच्या अधिकाऱ्याचा, हेही तेच खाते सांगते. आपल्याकडेही गेटवरच्या माणसाचा शब्द शेवटचा. एखाद्याचा छोटा ट्रायपॉड मुंबईला सोडतात आणि परत येताना दुसऱ्या विमानतळावर अडवतात. जाताना सोडला म्हणजे येताना सोडतीलच असे धरून चालू नये. आणि अडवला तेव्हा तुमची मोठी बॅग आधीच पट्ट्यावरून निघून गेलेली असते. मागे जायला वेळ नसला की स्टँड तिथेच टाकून यावे लागते. म्हणून आमचे स्पष्ट मत असे की, स्टँड पोटात घालायचा हेच धरून चालावे, आणि तो तिथे मोडणार नाही अशी तजवीज करावी. ऐनवेळच्या मर्जीवर रोजगार टांगून ठेवू नये.

फक्त फोटो काढणाऱ्याला थोडी सवलत आहे. पाय उलटे वर दुमडून हेडभोवती मिटणारे ट्रायपॉड मिळतात. मूळच्या फ्रेंच गित्झो कंपनीने अशी प्रवासाची मालिका काढली, नंतर अनेकांनी तीच रीत उचलली. मिटवल्यावर ते ३५ ते ४५ सेंटिमीटरचे होतात आणि मध्यम बॅगेत सहज बसतात. कार्बन फायबरचा घेतला तर वजन कमी, पण किंमत जास्त. मात्र पायाचे तुकडे जितके जास्त तितका शेवटचा तुकडा बारीक, आणि स्टँड तितका हलतो. व्हिडिओवाल्याचे जड हेड त्यावर टिकत नाही. तेव्हा दुसऱ्याचे पाहून विकत घेण्याआधी आपले काम कोणते, हे पाहावे.

बॅटरीचा नियम मर्जीचा नाही

स्टँडच्या बाबतीत मर्जी चालते, पण बॅटरीच्या बाबतीत अजिबात नाही. सुटी लिथियम बॅटरी आणि पॉवर बँक पोटातल्या बॅगेत कधीही टाकायची नाही, ती हातातच न्यायची. हा नियम जगभर आहे. कारण असे की, लिथियम बॅटरी आतून तापू लागली की एका सेलची उष्णता शेजारच्या सेलला पेटवते. मालाच्या कप्प्यात आग विझवणारा वायू असतो, तो ज्वाळा दाबतो, पण बॅटरीतली ही उष्णता त्याने थांबतेच असे नाही. माणसे बसतात तिथे निदान धूर दिसतो आणि कर्मचारी धावून येतात. जानेवारी २०२५ मध्ये दक्षिण कोरियात गिमहे विमानतळावर एअर बुसानचे विमान उड्डाणाआधीच जळाले. आग डोक्यावरच्या सामानाच्या कप्प्यात सुरू झाली होती आणि तपासात पॉवर बँकेकडे बोट दाखवले गेले. विमान जमिनीवर होते आणि आग लगेच दिसली, म्हणून सगळे जिवंत बाहेर पडले.

बॅटरी किती मोठी चालते, याचाही सोपा गुणाकार आहे. बॅटरीवर व्होल्ट आणि मिलिॲम्पिअर छापलेले असतात. मिलिॲम्पिअरला हजाराने भागायचे आणि व्होल्टने गुणायचे, म्हणजे वॅट-तास निघतात. १०० पर्यंत परवानगी लागत नाही. १०० ते १६० मधल्या बॅटरीला विमान कंपनीची परवानगी लागते आणि अशा सुट्या दोनच नेता येतात. १६० च्या वरची प्रवाशाला नेता येत नाही. उदाहरणार्थ, मोठ्या कॅमेऱ्याला किंवा लाइटला लागणारी १४.८ व्होल्टची ६,६०० मिलिॲम्पिअरची बॅटरी घ्या. १४.८ गुणिले ६.६ म्हणजे सुमारे ९८. ती चालते. छापील आकडे पुसले गेलेली जुनी बॅटरी नेऊ नये, कारण जवानाला तुमच्या तोंडी आकड्याचा उपयोग नाही. प्रत्येक बॅटरीच्या तोंडावर टोपी किंवा चिकटपट्टी लावून ती वेगळ्या पिशवीत ठेवावी, म्हणजे धातूला लागून शॉर्ट होत नाही.

गिंबलची बॅटरी निघत असेल तर ती हातात घेऊन गिंबल पोटात टाकता येतो. बॅटरी आतच बसवलेली असेल तर अख्खा गिंबल हातातच ठेवलेला बरा. आणखी एक गोष्ट. एटीआरसारख्या छोट्या विमानात डोक्यावरचा कप्पा लहान असतो, तेव्हा शिडीपाशी हातातली बॅगही मागून घेतात. अशा वेळी आधी बॅटऱ्यांची पिशवी बाहेर काढून घ्यावी, मगच बॅग द्यावी. म्हणूनच बॅटऱ्यांची पिशवी बॅगेच्या तळाशी ठेवू नये, ती वरच असावी.

बांधायचे कसे

हेड स्क्रू फिरवून स्टँडपासून वेगळे करावे. हेड लावलेला स्टँड आपटला की सगळा मार त्या मानेवर बसतो. हँडल काढून घ्यावे. पायाला खिळे असतील तर तेही काढून पोटातल्याच बॅगेत ठेवावेत. पान्हे, ॲलन की, स्क्रू ड्रायव्हर, चाकूची पट्टी असलेले अवजार हेही तिथेच. गुंडाळायला महागडा फोम लागत नाही. घरातली जुनी गोधडी फाडली की दोन चांगल्या गवसण्या निघतात. घरात शिवणाचे मशीन असेल तर ताई किंवा आई अर्ध्या तासात नाडीसह शिवून देते. खाली कपड्यांचा थर, मध्ये गवसणीतला स्टँड, कडेला हेड, वर पुन्हा कपडे. बॅगेच्या भिंतीला स्टँड कुठेच टेकता कामा नये, आणि बॅग हलवून पाहिली तर आत काही वाजता कामा नये.

स्टँड बॅगेपेक्षा लांब असेल तर प्लंबरकडच्या जाड पीव्हीसी पाइपाचा तुकडा कामाला येतो. दोन्ही तोंडांना फिरकीची झाकणे बसवावीत, चिकटवून बंद करू नयेत. तपासणीत उघडा म्हटले तर ते उघडता आले पाहिजे. पेलिकनसारख्या मजबूत पेट्या उत्तम असतात, पण हातात न्यायच्या मापाची पेटीसुद्धा रिकामीच पाच-सहा किलोंची होते. सात किलोंत मग कॅमेरा कुठे ठेवणार?

लाइटचा स्टँड वाऱ्याने पडू नये म्हणून वाळूची पिशवी लागते. वाळू इथून नेऊ नका, रिकामी पिशवी न्या आणि तिथे भरा. स्टँडची छोटी प्लेट मात्र स्टँडबरोबर न ठेवता कॅमेऱ्यालाच लावून हातात न्यावी, कारण प्लेट हरवली तर चांगला स्टँडही निकामी होतो. कॅमेऱ्याच्या तळाचा स्क्रू बहुतेक सगळीकडे पाव इंचाचाच असतो, पण प्लेट प्रत्येक कंपनीची वेगळी. बॅग पोचली नाही आणि तिथे स्टँड भाड्याने घ्यावा लागला तर त्याची प्लेट आठवणीने मागून घ्यावी. निघण्याआधीच त्या गावातल्या स्टँड भाड्याने देणाऱ्या एका दुकानाचा फोन लिहून ठेवला तर रात्रीची झोपही नीट लागते.

कागद सांभाळा

बॅग बंद करण्याआधी उघड्या सामानाचा मोबाइलवर एक फोटो काढावा. खरेदीचे बिल मोबाइलमध्ये असू द्यावे. काउंटरवर स्टँड आहे असे सांगून नाजूक सामानाचा स्टिकर मागावा. पण स्टिकर म्हणजे हमी नव्हे. कधी कधी त्याच वेळी, मोडले तर कंपनी जबाबदार नाही, अशा चिठ्ठीवर सही घेतात. वाचल्याशिवाय सही करू नये. बोर्डिंग पासवर चिकटवलेली बॅगेची पावती घरी पोचेपर्यंत फेकू नये.

उतरल्यावर बॅग पट्ट्यापाशीच उघडून पाहावी. मोडले असेल किंवा आलेच नसेल तर विमानतळाबाहेर पडण्याआधी कंपनीच्या काउंटरवर लेखी तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा. आंतरराष्ट्रीय प्रवासात मोडलेल्या सामानाची तक्रार ७ दिवसांत आणि उशिरा मिळालेल्याची २१ दिवसांत लेखी करावी लागते. देशातल्या प्रवासात सामानाची भरपाई जास्तीत जास्त २०,००० रुपयांपर्यंतच असते. पोटातल्या बॅगेत दीड लाखाचा कॅमेरा ठेवायचा नाही आणि आठ हजारांचा स्टँड ठेवला तर चालतो, याचे कारण या आकड्यात आहे. दुबईसारख्या ठिकाणी जाणाऱ्याने निघताना कस्टमच्या काउंटरवर सामान दाखवून, त्याचे नंबर लिहिलेले निर्यात प्रमाणपत्र घ्यावे. नाहीतर परतताना आपलाच कॅमेरा बाहेरून आणलेला ठरून त्यावर कर मागितला जाऊ शकतो.

आता सर्वांत महत्त्वाचे. जादा वजनाचे पैसे कुणी द्यायचे? मोडले तर कुणाचे गेले? बऱ्याच वेळा हे आधी ठरत नाही आणि परत आल्यावर पोराच्या हजेरीतून कापले जाते. सामान मालकाचे, काम मालकाचे, मग काट्यावरचा दंड मजुराचा का? काम घेतानाच मोबाइलवर एक ओळ लिहून पाठवावी, ‘दादा, जादा सामानाचे पैसे पार्टीकडून घ्यायचे ना?’ उत्तर आले की तो पुरावा झाला. जादा वजन लागणारच असेल तर ते आधी ऑनलाइन भरावे, काउंटरवर ते बहुधा महाग पडते. शब्द नम्र असावेत, पण विचारायला लाजू नये.

परतीचा प्रवास वेगळा

येताना मात्र सगळ्या वस्तूंचे मोल बदलते. जाताना सर्वांत मोलाचा कॅमेरा असतो, येताना बोटाच्या पेराएवढे मेमरी कार्ड. कॅमेरा पुन्हा घेता येतो, स्टँड पुन्हा घेता येतो, पण ते लग्न पुन्हा होत नाही. म्हणून रात्री झोपण्याआधी चित्रणाच्या दोन प्रती कराव्यात. एक लॅपटॉपबरोबर हातात, आणि मूळ कार्डे दुसऱ्या जोडीदाराच्या खिशात. पूर्वी रोलच्या जमान्यात विमानतळाच्या यंत्रातून रोल खराब होण्याची भीती असे, पोटातल्या बॅगेतल्या रोलला ती आजही आहे. मेमरी कार्डाला यंत्रातून गेल्याने काही होत नाही. त्याला धोका आहे तो हरवण्याचा.

तर मुलांनो, निघण्याच्या आदल्या दिवशी तीन प्रश्न विचारून सामानाचे तीन ढीग करा. हरवले तर पुन्हा मिळणार नाही, ते अंगाजवळ. नियमाने हातातच न्यायला सांगितले आहे, तेही हातात. तिथे भाड्याने मिळू शकते आणि जे मोडू नये म्हणून बांधता येते, ते पोटात. मग काटा आणा, तोला, आणि एका कागदावर यादी लिहून बॅगेत ठेवा. पहिल्यांदा विमानात बसणाऱ्या आपल्या मुलाला काउंटरवर इंग्रजी येते की नाही याची धाकधूक असते. नियम माहीत असला आणि वजन जुळलेले असले की मराठीत बोलूनही काम होते. आई-वडिलांनीही त्या रात्री पोराला एवढेच विचारावे, बाळा, बॅटऱ्या कुठल्या बॅगेत ठेवल्यास?